पायरीवरचं वायफाय

"अहो, जरा वर काढा मला. नुसतं कापड दिसतंय."

दिगंबररावांनी सदऱ्याच्या खिशातला मोबाइल वर सरकवला. आता पडद्यावरच्या शैलाबाईंना वड दिसला, वडाभोवतीच्या बायकाही दिसल्या. कसब्यातल्या त्या देवळाच्या आवारात वटपौर्णिमेच्या दिवशी पुरुष म्हणजे एक गुरुजी आणि एक दिगंबरराव. हसू सगळ्यांनाच येत होतं, पण दिगंबरराव ढिम्म.

शैलाबाई मैत्रिणींबरोबर युरोप बघायला गेल्या होत्या. चौतीस वर्षांत वडाची पूजा चुकली नव्हती, ती यंदाही चुकवायची नव्हती. त्यासाठी तिकडच्या गावात तीन दिवस त्या फुकटचं वायफाय हुडकत होत्या. हॉटेलातलं फक्त लिफ्टपाशी यायचं, स्टेशनावरचं पाच मिनिटांत तोंड फिरवायचं. शेवटी एका वाचनालयाची पायरी सापडली. वाचनालय बंद असलं तरी वायफाय चालू, आणि ऊठ म्हणायला कोणी नाही.

"साडेआठला आमची बस आहे," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात सात फेरे व्हायला हवेत. करा सुरू."

दिगंबररावांनी सुताची गुंडी धरली आणि निघाले.

"उलटे निघालात. वड उजव्या हाताला ठेवा."

ते वळले आणि भराभर चालू लागले.

"हळू हो. वडाला फेरे घालताय, सारसबागेला नाही."

सूत एका पारंबीत अडकलं, ते सोडवायला शेजारची नीरजा पुढे आली. "काका, स्वतःलाच मागताय की काय?"

"मी नुसता हमाल," दिगंबरराव म्हणाले. "मागणारी खिशात आहे."

बायका हसल्या. खिशातूनही हसू आलं. दिगंबररावांना फार बरं वाटलं.

त्यांना धास्ती होती वायफायची. पण परक्या गावातल्या त्या पायरीनं जराही दगा दिला नाही. दगा दिला बसनं. सहावा फेरा संपता संपता पलीकडे हॉर्न वाजला, कोणीतरी शैलाबाईंना हाका मारू लागलं.

"आले, आले... अहो, सहाच झाले हो," एवढं म्हणेपर्यंत पडदा काळा झाला.

दिगंबरराव वडापाशी उभे राहिले. तीन दिवसांची तिची वणवण, आणि एका फेऱ्यासाठी अडलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"द्या इकडे," नीरजा म्हणाली. "काकूंच्या नावानं सातवा मी घालते."

"नको. हा माझा मी घालतो."

या वेळी कोणी हसलं नाही. वड उजव्या हाताला ठेवून ते सावकाश एक वळसा घालून आले. सुताला गाठ मारली. मग चष्मा पुसून एका बोटानं निरोप लिहिला, "सातवा झाला. तो मी मागितला."

खाली एकच टिक उमटली. दुसरीला अजून पुढच्या गावातली पायरी सापडायची होती.