बिनचौकशीचा रकाना

“लिहा, जन्मजात हृदयदोष,” नोंदी विभागाचे शेखर सर म्हणाले आणि तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांनी दुसऱ्या गालात सरकवला.

रागिणीची बोटं कळफलकावरच थांबली. समोर सीमाच्या बाळाचे कागद होते. मुलगी. वजन पावणेतीन किलो. चौथा दिवस. धाप लागली म्हणून काचेच्या पेटीत ठेवलेली. हृदयाची सोनोग्राफी झाली होती आणि तिच्याखाली डॉक्टरांनी सहीनिशी लिहिलं होतं, दोष नाही. पुढच्या पानावर नर्सची नोंद होती. सकाळी साडेनऊला लाइट गेली. जनरेटर चालू झाले नाही. सव्वाअकराला बाळ गेलं.

“सर, हिचं हृदय तर चांगलं होतं.”

“माहीत आहे न बाप्पा. मले का दिसत नाही? पन जनरेटरचा रकाना आहे का आपल्याकडे? ते लिहिलं की चौकशी लागते. व्यंगाले कोनी विचारत नाही. देवानं देल्लं, देवानं नेलं.”

रागिणीला नोंदी भरायच्या या नोकरीवर लागून पंधरा दिवस झाले होते. संस्थेचे दवाखाने दोन, एक इथे अमरावतीला, एक अकोल्याला. वार्षिक सभेसाठी दोन्हींचा मिळून बालमृत्यूंचा आलेख तिने सकाळीच काढला होता. न्यूमोनिया घटला होता, जंतुसंसर्ग घटला होता, बाळंतपणातली गुंतागुंत तर जवळजवळ संपलीच होती. एकच रेघ बारा वर्षं चढत होती, जन्मजात व्यंगाची. किती जणींचं आपल्यासारखंच चुकलं असेल, असं ती रेघ बघून तिला वाटलं होतं.

“मग सर, हे व्यंग दरवर्षी वाढतं कसं?”

“वाढत नाही, आपन वाढवतो,” शेखर सर हसले. हसताना लाल ओघळ हनुवटीवर आला. तो त्यांनी बोटाने पुसला आणि बोट टेबलाच्या कडेला पुसलं. “ही पद्धत अकोल्याची. थ्या दवाखान्यात वाक्यच तयार असते. जन्मजात हृदयदोष, नातेवाइकांना समजावून सांगितले. तेवढं चिकटवा अन् मोकळ्या व्हा.”

रागिणीला ते वाक्य तोंडपाठ होतं.

तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत ते वाक्य तीन वर्षं जपून ठेवलेलं होतं. दवाखाना अकोल्याचाच. मुलगी दोन दिवस जगली. तिचं हृदय कुणी तपासलंही नव्हतं, समजावून तर कुणीच काही सांगितलं नव्हतं. डॉक्टर लग्नाला गेले होते. सगळं आटोपल्यावर आले.

कागदावर हृदयदोष वाचल्याबरोबर तिच्या सासूला, मनकर्णाबाईला, कारण सापडलं होतं. घरचा धंदा फुलांचा. त्या दिवाळीत पाडव्याच्या आदल्या दिवशी ग्रहण लागलं होतं, आणि अंगणात झेंडूच्या हारांचा ढीग पडला होता. पोटुशी बाई ग्रहणात काही कापत नाही, हे मनकर्णाबाईला काय माहीत नव्हतं? पण कात्री तिनेच रागिणीच्या हातात दिली होती. “गाडी निघून राहिली, हात चालव.” आणि पुढे हीच बाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत सुटली, “गिरनात दोरे कापले हिनं. लेकराचं काळीज कापल्या गेलं.”

रागिणीने ते खरं मानलं. इतकं खरं, की दवाखान्यातून निघताना तिने डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. “तुमी खूप केलं साहेब. माह्यंच चुकलं.” डॉक्टर म्हणाले होते, “जाऊ द्या, पुढच्या वेळी काळजी घ्या.” पुढची वेळ तिने येऊच दिली नाही. त्यानंतर कात्रीही हातात धरली नाही.

डॉक्टरांच्या बुटांची धूळ आपण कपाळाला लावली होती, हे तिला आठवलं. तिने पदराने कपाळ पुसलं. मग आणखी एकदा, जोरात पुसलं.

दाराबाहेर बाकावर सीमा बसली होती. चांदूर रेल्वेकडची, वीस-बावीस वर्षांची. पान्ह्याने ब्लाउज ओला झाला होता. शेजारी तिची सासू दुर्गाबाई.

“आठव बरं नीट,” दुर्गाबाई विचारत होती. “गिरनात का चिरलं तू? वांगं चिरलं का?”

“नाही आठवत जी.”

“काही तरी चिरलंच असंन. उगाच का काळीज फुटकं निघते?”

म्हणजे बाहेर सांगूनही झालं होतं. कागद तयार व्हायच्या आधीच.

“चिकटवलं का?” शेखर सर घड्याळाकडे बघत म्हणाले.

रागिणीने मृत्यूच्या कारणासमोर टाइप केलं, लाइट गेली, जनरेटर चालू झाले नाही. नोंद जमा केली. मग सोनोग्राफीचा कागद आणि नर्सचं पान, दोन्हींच्या प्रती काढल्या.

“अवो मॅडम, हे का करून राहिल्या तुमी? नोकरी जाईन ना!”

तिने प्रती उचलल्या. बाहेर येऊन ती दुर्गाबाई आणि सीमा यांच्या मध्ये जागा करून बसली. कागद सीमाच्या मांडीवर ठेवले आणि तिचा हात हातात घेतला. ‘पोरगी’ हा जो शब्द तीन वर्षांत तिने उच्चारला नव्हता, तो आधी दुसरीच्या लेकरासाठी तोंडातून निघाला.

“तुयी पोरगी चांगली होती, बाई,” ती म्हणाली. “मायी पोरगी बी चांगलीच होती.”