बारावी खुर्ची

आमच्या वेल्श गावच्या काव्यस्पर्धेचं बक्षीस म्हणजे ओकच्या लाकडाची कोरीव खुर्ची. कविता टोपणनावाने पाठवायची, आणि तुतारी वाजून ते नाव पुकारलं की कवीने भर सभेत उभं राहायचं.

इद्वाल मास्तरांनी अशा अकरा खुर्च्या जिंकल्या होत्या. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, पण एकीवरही कुणाला टेकू देतील तर शपथ! त्यांची बायको तेग्वेन बादली उपडी घालून तिच्यावर बसायची आणि बटाटे सोलायची.

यंदा तुतारी वाजली. परीक्षकांनी नाव पुकारलं, "उपडी बादली!"

कुणीच उठेना. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

"आपलं नाव नाही हे," ते बायकोच्या कानाशी कुजबुजले. "आणि बादली कसली? काय एकेक कवी! बक्षीस मिळालंय तरी बसलाय ढिम्म!"

"जरा पाय आत घ्या," तेग्वेन म्हणाली, आणि हातातली पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवून उभी राहिली.

मास्तरांनी आ वासला. "अगं, तू? तू कविता लिहिलीस? कशासाठी?"

"बसायला."