मिशीवाले काका

मुलगा घरी होता तेव्हा तो बघायचा त्या चावट कार्टूनवरून आईने घर डोक्यावर घेतलं होतं. आता तो परदेशी. आठवड्याला एक फोन, "बरी आहेस ना?" आणि संपलं. मग आईने गुपचूप बावीसच्या बावीस सीझन पाहून काढले आणि ती 'मिशीवाले काका' बनून, तो असलेल्या चाहत्यांच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरली. कार्टूनमधला शिवराळ बोकड सातव्या सीझननंतर बिघडला की नाही, यावरून मुलगा काकांशी तासन्‌तास भांडायचा.

आज त्याने लिहिलं, "काका, उद्या नवा भाग. आधी बीपीची गोळी घ्या, मग बघा."

गोळीबद्दल काकांनी ग्रुपवर कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

आईने नावातली मिशी उतरवली नाही. एवढंच लिहिलं, "घेते. तू जेवलास का?"