बाबा भितात त्याची उदाहरणं

"माझे बाबा भित्रे आहेत." पहिलंच वाक्य वाचून बाईंनी वही खाली ठेवली. निबंध पुढे पानभर होता. त्यात बाबा कष्टाळू होते, मायाळू होते, आणि शेवटी पुन्हा भित्रे होते.

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे," भिंगरी म्हणाली. ती एका जागी कधी ठरत नसे, म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव शाळेतही चिकटलं होतं.

सगळ्यांना माहीत होतं, कारण सगळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या आठवड्यात वर्गाची सहल बागेत गेली, तेव्हा मदतीला आलेल्या पालकांत तिचे बाबा होते. मुलं आकाशपाळण्यात बसली आणि बाबांनी खांबाला कान लावला. मग त्यांनी एकेकाला खाली उतरवलं. "आधी मी एकटा एक फेरी मारतो," ते पाळणेवाल्याला म्हणाले. पाळणेवाला भडकला, त्याने यंत्रच बंद केलं. वर्ग तसाच परत आला. दुसऱ्या दिवसापासून भिंगरीला नवं नाव मिळालं. भित्र्याची भिंगरी.

"यात मला तुझा राग दिसतो," बाई म्हणाल्या. "बाबा काही दिसत नाहीत. भितात तेव्हा हात कुठे असतात त्यांचे? चेहरा कसा होतो? तीन उदाहरणं आण. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली."

"तीन काय, तीस आणते!"

बाबा एका मोठ्या दवाखान्यातल्या लिफ्टची देखभाल करायचे. शनिवारी भिंगरी वही घेऊन त्यांच्याबरोबर निघाली. "तुमच्यावर निबंध लिहायचाय," एवढंच तिने सांगितलं. बाबा हरखले. फोटोच काढायचा असल्यासारखा त्यांनी वाटेत दोनदा केसांवरून हात फिरवला.

पहिलं उदाहरण आल्या आल्या मिळालं. बाबांनी लिफ्टची वीज बंद केली, स्विचच्या पेटीला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. तरी टेस्टर लावून पाहिला. वीज नव्हतीच. पुन्हा लावून पाहिला. भिंगरीने लिहून घेतलं. दुसरं उदाहरण लिफ्टच्या लोखंडी दोरांचं. बाबा त्यांच्यावरून जुनं फडकं इतकं हळू फिरवत होते, की तिला जांभई आली. एखादी बारीक तार तुटली असेल तर तिथे फडकं अडकतं, ते म्हणाले. फडकं कुठेच अडकलं नाही. बाबांनी ते पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

लिफ्ट सुरू झाली तोवर दारात एक सिस्टर उभी होती. चाकांच्या खाटेवर एक म्हातारी आजी होती.

"मिस्त्रीमामा, झाली ना?"

"झाली, सिस्टर. पण आधी मी."

"तुमचं रोजचंच आहे हं," सिस्टर वैतागली. भिंगरीला कानकोंडं झालं. तिसरं उदाहरण जवळून पाहावं म्हणून तिने लिफ्टमध्ये पाय ठेवला. बाबांनी तिला दोन्ही दंडांना धरून उचललं आणि बाहेर ठेवलं. इतक्या जोरात त्यांनी तिला कधीच धरलं नव्हतं.

"तू नाही."

दार सरकायला लागलं. बाई म्हणाल्या होत्या म्हणून तिने हात पाहिले. उजवा बटणावर होता. डावा आतल्या दांडीवर होता आणि त्याची बोटं पांढरीफटक पडली होती. बाबांच्या कपाळावर घाम होता. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. ते खरोखरच घाबरले होते. दार बंद झालं.

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत वर गेली, खाली आली. मग पुन्हा गेली. तीन वेळा. बाबा बाहेर आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि आजींची खाट स्वतःच आत ढकलली. "चला आजी, विमान सुटतंय!" आजी बोळक्या तोंडाने हसल्या. बाबाही त्यांच्याबरोबर वर गेले.

भिंगरी तिथेच पायरीवर बसली आणि पान संपेपर्यंत लिहीत राहिली.

सोमवारी बाईंनी निबंध वाचला. मग पुन्हा वाचला.

"पहिलं वाक्य बदलायचं राहिलं का गं?"

"नाही, बाई. भितातच ते. मी पाहिलं ना. पण तरी आत जातात."

बाईंनी तिला तो वर्गात मोठ्याने वाचायला लावला. पहिल्या वाक्याला मागचा बाक खिदळला. घामापर्यंत आल्यावर खिदळणं थांबलं. आजी हसल्या तेव्हा कुणीतरी हळूच "पुढे?" म्हणालं, पण पुढे काही नव्हतं.

संध्याकाळी तिने तोच निबंध घरी वाचला. पहिलं वाक्य ऐकून बाबांची मान खाली गेली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. भिंगरी घाईघाईने पुढे वाचत सुटली, धापा टाकत शेवटापर्यंत आली. बाबांनी मान वर केली नव्हती.

"रागावलात?"

"छे गं. सगळं खरं लिहिलंयस." त्यांनी आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली. "फक्त एक उदाहरण राहिलं."

"कोणतं?"

"तू त्याच लिफ्टमध्ये झालीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये ती बंद पडली होती. आत तुझी आई, एक नर्स आणि अंधार. चाळीस मिनिटं मी वरून दोर ओढत होतो. तू रडलीस तेव्हा कळलं, की तू आहेस."

भिंगरी आईला बिलगली. "पण मग ते भिण्याचं उदाहरण कसं, बाबा?"

"त्या दिवशी सकाळी ती लिफ्ट मीच तपासली होती," बाबा म्हणाले. "बाहेर उभं राहून."