विस्तव

नव्या बिऱ्हाडात सरपण वाचावं आणि काडीपेटी विकत घ्यावी लागू नये म्हणून केवलरामने बायकोला, शामकलाला, निखारे राखेखाली झाकून ठेवायला शिकवलं. तरी तो शेतावर गेला की चूल रोज विझायची आणि ती खापर घेऊन शेजारच्या नंदाबाईकडे विस्तव मागायला जायची. एरवी तिला उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती.

"तुले इस्तो बी सांभाळता येत नाई?"

"नाई येत."

शेवटी वैतागून त्याने सौंदडच्या बाजारातून काडीपेटी आणली. "घे. आता कोनाच्या दारात जाचं काम नाई."

शामकलाने पेटी हातात घेतली. राखेवर रोज तीच पाणी शिंपडत होती. काड्या भिजवल्या तर मात्र त्याला कळणार होतं.