तिसरं वचन

ठरलेल्या प्रतिज्ञा झाल्यावर नवरा-नवरीनं स्वतः लिहिलेली वचनंही वाचायची, ही पौर्णिमाचीच हौस. नाचणगावच्या प्रेमदासची ही एकुलती लेक वर्ध्याच्या दवाखान्यात नर्स होती. चार दिवस खपून तिनं तीन वचनं लिहिली. तिसरं होतं, ‘संसार सांभाळून मी माझी नोकरी शेवटपर्यंत करीन.’

बाबा आष्टीला सासरच्यांकडं पत्रिका द्यायला निघाले, तेव्हा तिनं तो कागदही त्यांच्यासोबत पाठवला.

"आवडलं का जी त्याईले?" ते परतल्यावर तिनं विचारलं.

"आवडलं, माय," म्हणत बाबा हातपाय धुवायला गेले.

लग्नाच्या दिवशी स्टेजवर नणंदेनं तोच कागद तिच्या हातात दिला. पहिली दोन वचनं तिनं हसत हसत वाचली. तिसऱ्यावर मात्र आडवी रेघ होती, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मी नोकरी सोडून सासू-सासऱ्यांची सेवा करीन.’

तिनं चिडून नवऱ्याकडं पाहिलं.

"वाच ना," अनुप हळूच म्हणाला. "सारे पाहून राह्यले."

तिनं पुन्हा कागदाकडं पाहिलं. अक्षर अनुपचं नव्हतं, त्याच्या घरच्या कुणाचंही नव्हतं. तिच्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीच्या जागी हेच वाकडं अक्षर असायचं.

 

समोर पहिल्या रांगेत बाबा तिच्याकडं बघत हात जोडून बसले होते; तिनं ती खालची ओळ वाचली.