लवंगेएवढी गोळी

पहिली गोळी लागली तेव्हा चितळाने नुसती कातडी थरथरवली, माशी बसल्यासारखी. दुसऱ्या गोळीला मान वर करून पाहिलं, कोण आहे म्हणून. याकूब आहे हे दिसल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि ते पुन्हा चरायला लागलं.

“लागली का?” मोहिद्दीनचाचांनी विचारलं. चाचा अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, फार्मवर खानसामा. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, पोटावर अॅप्रन.

“लागली बहुतेक.”

“मग त्याला कळव की.”

याकूबने पुन्हा नेम धरला. आखातात, जबल अलीच्या पलीकडे, चहूकडे वाळू आणि मधे अरबाबची हौस: तारेचं कुंपण, आत हिरवं गवत, आणि गवतावर हे चितळ. चितळ म्हणजे आपल्याकडचंच. फक्त त्याचे कागद याकूबच्या आधी झाले होते आणि येताना त्याच्यासोबत विमानात डॉक्टर होता.

अरबाबची मोठी रायफल दुरुस्तीला गेली होती. उरली होती ती खजुरीवरची कबुतरं मारायची, पॉइंट टू-टू. तिचं काडतूस चाचांनी सकाळीच चिमटीत धरून पाहिलं होतं. “ही गोळी बिर्याणीत गेली तर मेहमान लवंग समजून बाजूला काढतील,” असं म्हणून त्यांनी ते परत दिलं होतं. पण अरबाबच्या मते गोळी ती गोळी. शिवाय नोकरीला लागताना याकूबने स्वतःच सांगितलं होतं की गावी आपण शिकार करतो. गावी, चिपळूणच्या रानात, मामू शिकार करायचे. याकूब मागून बत्ती धरायचा, आणि आवाज होणार असं वाटलं की डोळे मिटून घ्यायचा.

बिलकीसच्या व्हिसाचं त्याने कालच विचारलं होतं. लग्न होऊन ती अजून तिकडेच, दर जुम्म्याला फोनकार्ड संपेपर्यंत एकच विचारायची. अरबाबने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पहले हिरण, फिर बीबी,” तो म्हणाला. “इन्शाल्ला.”

तिसऱ्या गोळीला मात्र चितळाचा पुढचा पाय दुमडला. पडलं नाही. तसंच लंगडत कुंपणाच्या कोपऱ्यात गेलं आणि तोंड उघडून उभं राहिलं. पांढऱ्या ठिपक्यांमध्ये एक लाल ठिपका होता. तो वाढत होता.

व्हरांड्यात मेहमान कावा, ती अरबी कॉफी, पीत बसले होते. तिथून अरबाबने हाक मारली, “याकूब, खलास?”

“हो रहा है, अरबाब.”

“आस्ते आस्ते,” अरबाब मेहमानांकडे बघून म्हणाला. सगळे हसले.

“चाचा, तुम्ही सुरी घेऊन जा ना,” याकूब हळूच म्हणाला.

“मी गेलो की ते पळणार. तीन पायांवर पळेल, तारेत अडकेल. तुला बघायचंय?” चाचांनी बाटली खाली ठेवली. “आधी मला एक सांग. हे रानटी आहे की पाळीव?”

“आता हे काय?”

“अरे बाबा, रानटी जनावर हाताला लागत नाही, म्हणून बिस्मिल्ला करून लांबून मारायची मुभा. जे हाक मारल्यावर येतं त्याला गोळी नाही. त्याला सुरी. एकदाच. मला मेहमानांच्या पुढे ताट ठेवायचंय, हलाल आहे की नाही मला माहीत असायला पाहिजे.”

“रानटी आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग मार गोळ्या. खिसा भरलाय तुझा. असरच्या नमाजापर्यंत पडेल.”

याकूबने बंदूक खांद्याला लावली. चितळाच्या नाकाशी गुलाबी फेस आला होता. बंदुकीच्या टोकाकडे त्याचं लक्षच नव्हतं. ते याकूबच्या डाव्या खिशाकडे बघत होतं.

त्याने बंदूक खाली केली.

“काय झालं?” चाचा म्हणाले.

याकूबने बंदूक गवतावर ठेवली. तिथेच उकिडवा बसला आणि जिभेने दोनदा टक टक केलं. रोज संध्याकाळी, फार्मवर कुणी नसताना, करायचा तसं.

चितळ निघालं. एक पाय ओढत, मधे थांबत, पण सरळ त्याच्याकडेच. व्हरांड्यातले पेले थांबले. अरबाब उठून कठड्याशी आला.

डाव्या खिशात नाश्त्याच्या खुबूस रोटीचा तुकडा होता. याकूबने तो तळहातावर धरला. चितळाने तो नेहमीसारखाच आधी हुंगला, मग उचलला. चावताना त्याला धाप लागत होती.

“रानटी म्हणत होतास,” चाचा मागून आले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. “मान धर. प्रेमाने धर.”

वर अरबाब मेहमानांना सांगत होता, “शूफ, देखो, हिंदी शिकारी! हिरण खुद आता है.” कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग त्याने खाली हाक दिली, “याकूब, यल्ला, बीबी को बुला लो!”

याकूबने एक हात चितळाच्या गळ्याभोवती टाकला. गळा गरम होता. चाचा पुटपुटायला लागले. चितळाने तुकडा संपवला आणि रिकामा तळहात चाटून ओलं नाक त्याच्या उजव्या खिशाला लावलं.

अजून एखादा तुकडा असेल म्हणून याकूबने खिशात हात घातला. आत काडतुसं होती.